चांदणीची बाटली

मित्रा, हे मी आजवर कोणापाशी बोललो नाही — घरात नाही, शिक्षकांच्या खोलीत तर नाहीच. जन्मभर दुसऱ्यांच्या चुकांखाली लाल रेघ ओढली. स्वतःच्या चुकीखाली ती कशी ओढायची, हे मात्र कोणी शिकवले नव्हते. की मीच शिकलो नाही?

साठ सालानंतरचा तो काळ. धुळ्याच्या एका शाळेत मी शास्त्र शिकवीत असे. एका उन्हाळी सुटीत मला निराळेच विद्यार्थी मिळाले — खानदेशातले फॅमिली डॉक्टर! खोकल्याच्या एका नव्या औषधाची पारख त्यांच्या दवाखान्यांतून व्हायची होती, आणि त्यासाठी दवाखाने तयार करण्याचे काम माझ्याकडे आले होते. तयारी म्हणजे काय? प्रत्येक रोग्याला तेच प्रश्न, त्याच क्रमाने विचारायचे. उत्तर तिथल्या तिथे लिहायचे. आणि बाटल्यांविषयी अवाक्षर काढायचे नाही. बाटल्या दोन प्रकारच्या होत्या. एकीच्या चिठ्ठीवर चांदणी, दुसरीच्या चंद्रकोर. रंग तोच, चवही तीच. औषध मात्र एकीतच. कोणत्या, हे डॉक्टरांनाही सांगायचे नव्हते. का? डॉक्टरला ठाऊक असले की त्याचा चेहरा बोलतो, आणि रोगी तो चेहरा वाचूनच निम्मा बरा होतो. मग गुण औषधाचा की चेहऱ्याचा — ठरवायचे कसे? हे मी फळ्यावर दोन बाटल्या काढून फार छान समजावीत असे. बाटल्या माझ्या देखरेखीखाली भरल्या जात, म्हणून उत्तर एकट्या मला ठाऊक होते.

एरंडोलचे नाना माझे सर्वांत कच्चे विद्यार्थी — आणि सर्वांत लाडके. साठी उलटलेले डॉक्टर. नाडी धरली की कापसाच्या भावापासून मुलीच्या सोयरिकीपर्यंत सगळे बोलून घेत. पहिल्याच दिवशी म्हणाले, "मास्तर, मुकाट्यानं बाटल्याच द्यायच्या तर मग किराणा दुकान काय वाईट?" पण संशोधनात आपला दवाखाना असावा, याची त्यांना केवढी हौस! भिंतीवर नवे घड्याळ आले, बाकाला रंग लागला. जिभेवरही त्यांनी उपाय शोधला. बाटली देण्यापूर्वी सुपारीचे मोठे खांड गालात धरायचे. रोगी निघून जाईपर्यंत नाना नुसते डोळ्यांनी हसत.

आणि आता — आता सांगतो.

माझी थोरली बहीण, अक्का, एरंडोललाच दिलेली. तिला महिनोन्महिन्यांचा खोकला. नानांकडून पाळीने तिला बाटली मिळाली ती चंद्रकोरीची. मी जेवायला गेलो असता तिने ती कौतुकाने दाखवली. फळ्यावर दोन बाटल्या काढणारा मी काय बोललो असेन?

"ही परत कर, अक्का. चांदणीची माग."

"का रे?"

"माग म्हणजे माग."

अक्काने बाटली बदलून आणली आणि ती बरी झाली. पण अक्काच ती! बाजाराच्या दिवसापर्यंत अर्ध्या गावाला चांदणी ठाऊक झाली. संशोधनाचे प्रमुख तपासणीला आले, तेव्हा रंगवलेल्या बाकावर माणसे मावत नव्हती.

"नाना, माले चांदनीवालीच जोयजे!"

"ती कोरवाली नको, ते बठ्ठं पानी शे!"

एका आबांनी तर अर्धी प्यालेली बाटली बदलून मागितली. प्रसंग इतका मजेदार होता की मीही हसलो असतो — पण प्रमुखांनी नानांकडे पाहिले. "डॉक्टर, तुम्ही अंदाज बांधलात आणि बोलून गेलात."

नाना गोंधळले. गालातली सुपारी काढून हातात घेतली. म्हणाले, "कोणाला गुण येतो ते दिसत होतं, साहेब. मनात चांदणी आली होती खरी. निघालं असेल तोंडातून."

निघाले नव्हते. ते माझ्या तोंडातून निघाले होते, अक्काच्या ताटासमोर. मी दाराशी उभा होतो. 'मी सांगितले' — दोनच शब्द. प्रमुख मला आदर्श शिक्षक म्हणत. ते म्हणणे मला सोडवले नाही. नानांचा दवाखाना त्याच दिवशी संशोधनातून वगळला गेला. इतर दवाखान्यांत मी पुढेही शिकवीत राहिलो — तोच फळा, त्याच दोन बाटल्या.

नानांनी रुसवा धरला नाही. धुळ्याला आले की माझ्याकडे उतरत आणि ती हकीकत स्वतःवरच रचून सांगत — आबांची नक्कल, साहेबांचा चेहरा, सारे काही. घरभर हशा पिके. "काय करणार, मास्तर, सुपारीच कमी पडली!" असे म्हणून ते चंची उघडीत आणि एक खांड माझ्यापुढे धरीत.

मी ते घेत असे. गालात धरून हसत असे.