एकही लेखी तक्रार नाही

गहिनीनाथ हुद्द्यानं शिपाई, पण युसूफ वडगावात त्याला शिपाई म्हणणारा माणूस सापडला नसता. सगळे त्याला ‘बँकवाले’ म्हणायचे. मॅनेजर यायचे, दोन उन्हाळे काढायचे आणि बदली करून घेऊन पळायचे. कॅशियरचंही तसंच. गहिनीनाथ तेवढा जागचा हलला नाही. शटर वर करायचं, माठ भरायचा, म्हाताऱ्यांचा अंगठा धरून शाईवर टेकवायचा, आणि जाताना विचारायचं, “म्हैस व्याली का वो?” लोक पैसे बँकेत ठेवत होते असं कागदावर होतं. खरं विचाराल तर ते गहिनीनाथच्या तोंडाकडं बघून ठेवत होते. आणि तेच सगळ्यांना नडलं बघा.

बँकेचे चेअरमन अर्जुनराव. गहिनीनाथला नोकरी त्यांनीच लावलेली, त्याच्या लग्नात अक्षता टाकायलाही तेच आलेले. त्यामुळं अर्जुनरावांनी दिवसा चांदणं पडलंय म्हणून सांगितलं असतं तरी हा पठ्ठ्या मान वर करून बघत बसला असता. गडी इमानदार, त्यात काही वाद नाही. पण इमान कुणाच्या दारात बांधायचं याची अक्कल देवानं त्याला द्यायची राहूनच गेली.

दुष्काळ लागोपाठ पडत गेला. मांजरा नदी आटली, बोअर आटले, गावात टँकर सुरू झाला. ऊसच नाही म्हटल्यावर कारखान्यांची धुराडी थंड झाली, आणि मग कळलं की संचालकांनी बँकेचा पैसा आपल्याच सग्यासोयऱ्यांच्या कारखान्यांत ओतून ठेवलाय. तो गेला की बाराच्या भावात! एके दिवशी शाखेच्या दारावर कागद चिकटला: पुढील आदेशापर्यंत ठेवी काढता येणार नाहीत. कागद चिकटवला कुणी? गहिनीनाथनंच. मॅनेजर तर आदल्या दिवशीच रजेवर गेलते.

या सगळ्यात मनकर्णाबाईचं दुखणं सगळ्यांत वाईट. नवरा एसटीत कंडक्टर होता, नोकरीत असतानाच गेला. त्याच्या फंडाचे पैसे तिनं मुदत ठेवीत टाकलेले, ते गहिनीनाथच्याच सांगण्यावरून. एकुलता एक पोरगा सुमेध. आयटीआय करून वायरमनकीची कामं घेत होता, आणि त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा लातूरला नेऊन मशीनवर रक्त धुवून आणायचं. आई स्वतःची किडनी द्यायला तयार, तपासण्या जुळलेल्या, डॉक्टर म्हणत होते की पैसे भरा, तारीख देतो. आणि पैसे कुठं? शटरच्या आत. स्वतःचे, हक्काचे, नवऱ्याच्या जिवाचे पैसे, आणि हात लावायची सोय नाही.

मनकर्णा मॅट्रिक झालेली. आंबेडकर जयंतीला स्टेजवर उभी राहून बोलणारी बाई. ती काय गप्प बसणार होती? तिनं ठरवलं, सहकार खात्याकडं लेखी तक्रार द्यायची, आणि गावातले ठेवीदार गोळा केले. ही खबर अर्जुनरावांच्या कानावर गेली आणि त्यांनी गहिनीनाथला वाड्याऐवजी थेट शेतावर बोलावलं.

“गहिन्या, लेखी गेलं की संपलं बे,” अर्जुनराव म्हणाले. “वरून प्रशासक येतो, सील ठोकतो, मंग दहा वर्षं कुणाला दमडी भेटत न्हाई. तोंडी काय सांगायचं ते सांगा म्हणावं. मी मुंबईत बोलायलोय. घरातली भांडणं कुणी चावडीवर नेतं का?”

गहिनीनाथला पटलं. पटणारच! तो दारोदार फिरला, प्रत्येकाच्या पाया पडला. आमच्याकडची रीतच आहे ही. सरकारला कागद द्यायचा म्हणजे गावातल्याच कुणाच्या तरी पोटावर पाय द्यायचा. तक्रार बँकेची, पण कागद कुणावर शेकणार? गहिनीनाथवर. मग बिचाऱ्या गहिनीनाथवर कोण लिहिणार? सटवा खाटीक म्हणाला, “तुमी म्हणता तर ऱ्हाऊ द्या.” पारूबाई म्हणाली, “तुमच्या लेकराच्या तोंडचा घास मला नको.” एकेक करून सगळे मागं सरले.

मनकर्णा तेवढी हटत नव्हती. गहिनीनाथ तिच्या उंबऱ्यावर बसला आणि त्यानं टोपी काढून तिच्या पायाशी ठेवली.

“अक्का, सुमेध मला का परका हाय? अर्ज गेला तर बँक बुडंल, आन् तुमचे पैशे बी. म्या रोज साहेबांच्या कानावर घालतो. तुमचं पयलं काम करतो. माझा शब्द हाय.”

बाईनं टोपी उचलून त्याच्या हातात दिली. मग लिहिलेला अर्ज तिनं फाडला आणि चुलीत घातला.

गहिनीनाथनं शब्द पाळला, असंच म्हणावं लागेल. तो रोज सांगत राहिला. मॅनेजरला सांगितलं, अर्जुनरावांना सांगितलं, अर्जुनराव फोन उचलेनासे झाले तेव्हा त्यांच्या ड्रायव्हरला सांगितलं. तिकडं सुमेधचे पाय सुजत गेले, चेहरा मातीच्या रंगाचा झाला, आणि तारीख काही मिळेना.

एवढ्यात बातमी आली, विरोधी पक्षाच्या एका आमदारानं विधानसभेत बँकेचा प्रश्न लावलाय. नागपूरचं हिवाळी अधिवेशन, मंत्री स्वतः उत्तर देणार. अरे, गावात काय जीव आला म्हणता! आमदाराच्या माणसानं एका जणापुरता पास देतो म्हणून सांगितलं. कुणाला पाठवायचं यावर वादच झाला नाही. मनकर्णाच म्हणाली, “भाऊंनाच पाठवा. आपलं समदं त्यांनाच ठावं हाय.” तिनं बरोबर भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली.

विधानभवनाच्या गॅलरीत गहिनीनाथ हात जोडूनच बसला होता. मोबाईल बाहेर काढून घेतलेला. बोलायचं नाही, टाळी वाजवायची नाही, पायावर पाय टाकायचा नाही, असं मार्शलनं दरडावून सांगितलेलं. खाली आमदार उठले आणि युसूफ वडगावचं नाव घेऊन तावातावानं बोलले. शेतकरी, दुष्काळ, आणि उपचारावाचून तडफडणारे रुग्ण; या रुग्णांच्या ठेवी तरी शासन देणार का? गहिनीनाथच्या डोळ्यांत पाणी आलं. कुणीतरी बोललं बाबा एकदाचं!

मंत्री उठले. शांत माणूस, आवाज गोड.

“अध्यक्ष महोदय, बँक अडचणीत आहे हे अंशतः खरे आहे. मात्र रुग्णांना वाऱ्यावर सोडलं हे खरे नाही. माजलगाव शाखेतल्या ठेवीदारांच्या लेखी तक्रारी आल्या. शासनानं तात्पुरता निधी दिला आणि त्यातल्या गंभीर रुग्णांना ठेवी परत मिळाल्या. त्यांच्या शस्त्रक्रियाही झाल्या.”

गहिनीनाथ पुढं सरकला. मंत्र्यांनी पान उलटलं.

“सन्माननीय सदस्यांनी युसूफ वडगाव शाखेचा उल्लेख केला. खात्याचा अहवाल माझ्यासमोर आहे. त्या शाखेतून आजपर्यंत एकही लेखी तक्रार प्राप्त झालेली नाही. याचा अर्थ तिथल्या ठेवीदारांचा बँकेवर विश्वास आहे.” बाकावर कुणीतरी हसलं. “आणि महोदय, टँकर आणि छावण्यांवरच्या खर्चानं तिजोरीवर ताण आहे. काटकसर सर्वांनाच करावी लागेल. सदर निधी या महिन्यापासून बंद करण्यात आला आहे.”

गहिनीनाथ कधी उभा राहिला ते त्यालाच कळलं नाही.

“साहेब, म्या लिवू दिलं न्हाई! माझ्यापायी न्हाई लिवलं त्यांनी! लोकं लई मरायलेत साहेब!”

एवढंच. दोन मार्शलनी दंडाला धरून त्याला बाहेर काढलं. अध्यक्षांनी गॅलरीकडं एकदा बघितलं आणि पुढचा प्रश्न पुकारला. तो कोकणातल्या कुठल्याशा पुलाचा होता.

बाहेर त्याला बराच वेळ बसवून ठेवलं, नाव-गाव विचारलं, वेडा आहे की काय याची चौकशी केली आणि सोडून दिलं. एसटीच्या खिडकीला डोकं टेकून तो परत आला. भाकरी तशीच राहिली होती. मनात एकच घण बसत होता: माजलगावच्यांनी लिहिलं, आणि त्यांची माणसं वाचली.

गावात पाऊल टाकलं ते थेट मनकर्णाच्या दारात. काही लपवलं नाही, एवढं बाकी त्याचं खरं. जे ऐकलं ते शब्दाला शब्द सांगितलं, आणि म्हणाला, “अक्का, आत्ता लिवा. म्या सोबत येतो. म्याच अडवलं व्हतं असं बी लिवा.” तिनं लिहिलं. दोघं केजला सहकार खात्याच्या कचेरीत गेले. तिथल्या बाबूनं अर्ज घेतला, शिक्का मारला, आणि चेहऱ्यावरची माशीही हलू न देता सांगितलं, “निधी बंद झालाय बाई. दोन महिन्यांमागं आला असता तर बसलं असतं.”

सुमेध उन्हाळा लागायच्या आत गेला. लातूरहून परत येताना, एसटीतच, आईच्या मांडीवर.

गहिनीनाथ मयतीला गेला तो सगळ्यांच्या मागं उभा राहिला. त्याला वाटत होतं, बाई धावून यावी, शिव्या घालाव्यात, चप्पल काढून मारावी. मारलं असतं तर उभ्या उभ्या खाल्लं असतं त्यानं. पण कुणी एक शब्द बोललं नाही. उलट सटवानं त्याला सावलीत बोलावून घेतलं. असली माणसं! काय करावं यांना!

चार दिवसांनी तो तिच्या घरी गेला. टँकरचं पाणी त्या दिवशी आलंच नव्हतं, तरी मनकर्णानं तळाला राहिलेल्या पाण्याचा तांब्या भरून त्याच्यापुढं ठेवला. तो तांब्याला हात लावेना. खाली मान घालून तो म्हणाला, “अक्का, मला कायतरी बोला. माझ्यापायी गेलं लेकरू.”

मनकर्णानं त्याच्याकडं बघितलं. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं.

“काय बोलू, भाऊ? तुमी जरा वाईट माणूस असते ना, तर म्या कवाच अर्ज दिला असता.”