बाबाच्या दाखल्याचा ओटीपी

मंडळी, बाबाच्या मृत्यू दाखल्याच्या शिक्का मारलेल्या नकला काढाले आज आमच्या बेला गावावरून आदिलाबादले गेलो. क्लर्क म्हने, "ओटीपी सांगा." अर्जात बाबाचाच नंबर होता, अन् त्याहीचा फोन घरी मायजवळ.

मायले फोन लावला. म्हने, "देत नाही. तुह्या बाबानं बजावलं होतं, कोनीबी मांगो, ओटीपी द्याचा नाही."

"माय, मी तुहा पोरगा बोलून राह्यलो."

"चोरबी असंच म्हनते. हेबी त्याहीनंच सांगतलं."

सारी रांग हासली. शेवटी घरी जाऊन तिले गाडीवर बसवून आनलं. तिनं पदराआड फोन धरून नवा ओटीपी क्लर्कच्या कानात सांगतला.

नकला भेटल्या. परत येतानी माय मागून हळूच म्हने, "हा नंबर बंद नोको करू."

तुमच्या घरी कोनाचा नंबर असा चालू हाय?