पान दोनवरचा फुलफॉर्म

मॅन्युअल लिहिणाऱ्या मंडळींनो, हॉस्पिटलमधून थेट सायबर कॅफेत आलोय. डोकं ठिकाणावर नाही.

सकाळी आमच्या सातपूरच्या कारखान्यात प्रेस मशीन साफ करताना काशिनाथची बोटं गेली. पेठ तालुक्याकडचा, नवाच कंत्राटी कामगार.

प्रेसवर मी लिहिलेल्या मॅन्युअलचं पान चिकटवलंय: 'सफाईआधी लोटो करा.' लोटो म्हणजे 'लॉकआउट-टॅगआउट', मेन स्विच बंद करून कुलूप लावणं. ते मी नियमाप्रमाणे पहिल्या उल्लेखापाशी, पान दोनवर दिलंय. पण मशीनवर लावतात फक्त कामाच्या पानाची झेरॉक्स.

मॅनेजर म्हणाले, "फुलफॉर्म दिलाय ना? मग तुम्ही सुटलात."

वॉर्डात काशिनाथ म्हणाला, "सायेब, वाचलं व्हतं मी. लोटो म्हंजे काय?"

सांगितलं.

"येवढंच?"

'मेन बंद करून कुलूप लावा' एवढं लिहायला आपल्याला काय जड जातं हो?