दुपट्याच्या पोटातली सही

माझा जन्म झाला तेव्हा आजी पोलीस कोठडीत होती. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून आई अमरावतीहून अकोल्याला आली होती, आणि माहेरी तिची आईच जागेवर नव्हती. शेजारणीनं मला कोणाच्या तरी धोतराच्या तुकड्यात गुंडाळून ठेवलं. चौथ्या दिवशी आजी सुटून आली. हातपाय धुतले, मला निरखून पाहिलं आणि म्हणाली, "बापाचं नाक घेऊन आला. असू दे." मग ती सुई शोधायला लागली.

तिच्या कोठडीचं कारण एक पुढारी होता. तेव्हा तो तरुण होता. गल्लीत दारूचं दुकान येणार अशी बातमी होती, बाया रस्त्यावर बसल्या होत्या आणि हा त्यांच्यात येऊन बसला. फलकासाठी कापड मागितलं. आजीनं स्वतःच्या रुखवतातली पांढरी चादर आणून दिली, कोपऱ्यात तिनं भरलेला मोर असलेली. त्यानं निळ्या रंगात, स्वतःच्या हातानं लिहिलं: 'मी जिवंत असेतो या गल्लीत दारूचं दुकान उघडणार नाही. उघडलं तर आयाबहिणींनी माझ्या तोंडाला काळं फासावं.' खाली पूर्ण नावानिशी सही.

वर्षभरात दुकान उघडलं. त्याच्या साळ्याच्या नावावर. फीत यानंच कापली.

आजी शब्दाची पक्की. येणाऱ्या बाळासाठी तिनं घरी काजळ धरून ठेवलं होतं. ती डबी घेऊन ती फितीपाशी पोचली. गालापर्यंत हात गेला असता तर बरं झालं असतं, पण मधेच पोलिसांनी धरलं. फौजदारानं पुढाऱ्याला विचारलं, ही कोण? तो म्हणाला, "या बाईला मी ओळखत नाही."

डबी पोलिसांकडेच राहिली. मला काजळाशिवाय दिवस काढावे लागले आणि दृष्ट लागली. माझ्या एकंदर कर्तबगारीचं आमच्या घरात आजही हेच कारण सांगतात.

तर आजीनं फलक उतरल्यावर घरी परत आलेल्या त्या चादरीतला अक्षरांचा भाग मोरासकट कापला, घडी घातली आणि जुन्या लुगड्यांच्या दोन थरांमध्ये ठेवून माझ्यासाठी दुपटं शिवलं. त्यावर पहिला मी मुतलो. राजकारणातलं माझं योगदान एवढंच. माझ्यानंतर भाऊ, मामेभावंडं, मग आमची पोरं, घरातलं प्रत्येक बाळ त्याच दुपट्यावर वाढलं. वरचं लुगडं विरलं की आजी नवं लावायची, पोटातलं कापड मात्र तेच. धुताना ती प्रेमानं विचारायची, "आज किती खेपा ओलं केलं?" बाळाचा आकडा चांगला असला की दिवसभर खुशीत.

बाकी तिचं आयुष्य या एका सुडावर अडून राहिलं नाही. पाण्यासाठी रिकामे हंडे घेऊन नगरपालिकेवर गेली, महागाईविरुद्ध लाटणी वाजवली, एकदा निवडणुकीला उभी राहून पडली आणि दुसऱ्या दिवशी सरगुंडे करायला बसली. काडीवर पीठ गुंडाळताना तिची बोटं दिसायची नाहीत. अर्ध्या मोहल्ल्याचं रुखवत तिच्या हातचं. सुपारीचे नवरा-नवरी करायची, तर नवरीचं डोकं नेहमी जरा मोठं.

मी कॉलेजात असताना पुढाऱ्यावर फार तापलो होतो. म्हटलं, आजी, हे उसवून भर सभेत त्याला दाखव.

"त्याले काय दाखोतं? त्यानंच लिवलं, त्याले पाठ असन," ती दोरा ओवत म्हणाली. "त्याच्या घरच्या बाईनं वाचलं पायजे. मोठ्यानं. मंग मी मरायले मोकळी."

मागच्या हिवाळ्यात ती गेली, मोकळी न होताच. पुढारी अजून ठणठणीत आहे. ऐंशीचा झाला म्हणून अकोल्यात त्याचा सत्कार ठरला, आणि चळवळीतल्या घराण्याचा माणूस म्हणून शाल घालायला बोलावलं कोणाला, तर मला.

मी शाल घेतली नाही. दुपटं घेतलं, खिशात आजीची छोटी कात्री घेतली. बेत असा की स्टेजवर टाके उसवायचे, कापड फडकवायचं आणि भाषण ठोकायचं. बडनेऱ्यापासून मूर्तिजापूरपर्यंत मी एसटीत भाषणाची तालीम केली. शेजारचे गृहस्थ मूर्तिजापूरला उठून मागच्या सीटवर गेले.

सभागृहात पुढारी बोलत होता, "त्या माउलीला मी सख्ख्या बहिणीसारखं ओळखत होतो." माझा हात खिशात गेला. तेवढ्यात नाव पुकारलं. सूत्रसंचालक कानात म्हणाला, "फक्त शाल हं, भाषण नको, जेवणं थंड होऊन राहिली." मी पुढं झालो. दुपटं त्याच्या खांद्यावर टाकलं, ते खांद्यालाही पुरेना. आणि मग जे झालं ते लिहायची लाज वाटते. म्हातारं माणूस समोर आलं की आमच्याकडे कंबर आपोआप वाकते. मी त्याच्या पाया पडलो. त्यानं आशीर्वादही दिला.

अमरावतीला परतलो तेव्हा आई दारातच होती.

"दाखवलं?"

"नाही."

"मंग दुपटं कुठी हाय?"

"त्याच्या खांद्यावर."

"अन् तू काय केलं?"

"पाया पडलो."

"माया मायनं पन्नास वर्सं शिवलं, अन् तू त्याले पांघरून आला," ती म्हणाली आणि आत गेली. आठवडाभर मला जेवण मिळालं, बोलणं नाही.

नवव्या दिवशी दुपारी फोन आला. पुढाऱ्याची नातसून बोलत होती. नंबर आयोजकांकडून घेतला होता. सत्काराच्या शाली घरात वाटून झाल्या, हे चिमुकलं उरलं, म्हणून तिनं बाळाखाली टाकलं. "काका, इतकं मऊ आहे, बाळ दुसऱ्या कशावर झोपतच नाही. पण काल धुताना एक कोपरा उसवला. आत भरतकामाचा मोर दिसतोय, आणि निळी अक्षरं. काही जपायचं आहे का आत?"

मी फोन स्पीकरवर टाकला. आई भाजी निवडत होती, तिचे हात थांबले.

"उसवा," मी म्हणालो. "सगळं उसवा आणि वाचा. मोठ्यानं."

टाके तुटल्याचा आवाज आला. मग ती वाचू लागली. 'मी जिवंत असेतो' म्हणताना आवाज नेहमीचा होता, 'काळं फासावं' येईपर्यंत बारीक झाला. मागून कोणी बाईनं विचारलं, "काय वाचून राहिली वो?" तिनं पहिल्यापासून पुन्हा वाचलं, आता त्या बाईला ऐकू जाईल असं.

"खाली सही आहे," मी म्हणालो.

तिनं शेवटची घडी उलगडली. मग तिनं आजेसासऱ्याचं पूर्ण नाव वाचलं.

आईनं पदर तोंडाला लावला. रडत होती की हसत होती ते मी विचारलं नाही.

"काका," फोनवर ती म्हणाली, "हे तुम्हाला परत पाठवू का?"

"नको," मी म्हणालो. "पुन्हा शिवून बाळाखालीच असू द्या. आणि त्याला दूध भरपूर पाजा."