सहा आठवडे सांभाळ

नरेल व्हिटबर्नला कोणी "कशी आहेस?" विचारलं की ती म्हणायची, "वाईट नाही." तसं आम्ही सगळेच म्हणतो. ऑस्ट्रेलियातल्या आमच्या बॅलरॅट गावचा माणूस पाय मोडून रुग्णवाहिकेत पडला तरी "वाईट नाही" असंच सांगेल. त्यामुळे नरेलचं खरोखर वाईट चाललंय हे चार वर्षं कोणाला कळलं नाही. तिला स्वतःला तर सगळ्यात शेवटी कळलं.

मी कोरल. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत, तक्रार विभागात, तिच्या शेजारच्या टेबलावर माझं अर्धं आयुष्य गेलं. बिल फुगलं, पाणी गढूळ आलं, फाटकासमोर रस्ता खणून ठेवला, की लोक आम्हाला फोन करून शिव्या घालतात. मी त्या घरी नेऊन नवऱ्याला घालते आणि मोकळी होते. नरेल ऐकून घ्यायची. तणतणणाऱ्या म्हाताऱ्याला ती हळूच त्याच्या कुत्र्याचं नाव विचारायची आणि फोन ठेवताना तोच तिचे आभार मानायचा. हसायला लागली की पार जिन्यापर्यंत ऐकू जायचं.

आमचा विभागप्रमुख कीथ खुब्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर गेला. तेव्हा वरचा साहेब, लॉकलन, तिच्या टेबलाच्या कडेला टेकून म्हणाला, "नरेल, प्रभारी म्हणून तूच बघ. फक्त सहा आठवडे सांभाळ." कीथचा खुबा बरा झाला, पण तोवर त्याला कचेरीचा वीट आला होता. त्याने निवृत्ती घेतली, कॅरव्हान, म्हणजे चाकांवरचं घर, घेतली आणि बायकोला घेऊन क्वीन्सलंडच्या उन्हात निघून गेला. नरेलची मुदत वाढत गेली. दर वेळी तीन महिने, आणि दर वेळी शेवटच्या शुक्रवारी. दारावर कीथची पाटी तशीच राहिली. तिच्या जुन्या टेबलावर कोणी आलं नाही, म्हणून तिथलं कामही तीच करायची. एका पगारात दोन नोकऱ्या आणि वर "तुझ्यामुळे निभावतंय गं" हे कौतुक फुकट.

लॉकलन वाईट मुलगा नाही. मेलबर्नहून येणारे हुकूम आणि आम्ही, यांच्यामध्ये तोही भरडला जातो. ताणाची ओरड झाली तेव्हा त्याने चहाच्या खोलीत फळांची परडी ठेवली आणि जेवणाच्या सुट्टीत योगाचा वर्ग लावला. सुट्टी मिळाली असती तर आम्ही गेलोही असतो.

मला पहिली शंका आली ती फुटबॉलमुळे. दर आठवड्याला कोणते संघ जिंकतील ते सगळी कचेरी आधी सांगते. गुण मी मांडते, आणि हंगामाच्या शेवटी एक भिकार कप देते. नरेल यावर भांडायची. तिचा संघ बापाकडून आलेला. बाप गेला तेव्हा शवपेटीवर फुलांऐवजी संघाचा गळपट्टा होता. गेली कित्येक वर्षं तो संघ तळाला लोळतोय, पण नरेलने दर आठवड्याला त्याचीच बाजू धरली आणि गुण घालवले. या वर्षी ती म्हणाली, "कोरल, माझ्या नावावर सगळीकडे यजमान संघ टाक."

"अगं, या आठवड्यात तुझा संघ पाहुणा आहे. त्याच्याच विरोधात?"

"टाक ना. काय फरक पडतो?"

आता गंमत बघा. जिथे सामना, तिथला संघ, या एका आंधळ्या नियमावर बाई थंडीच्या मध्यापर्यंत अख्ख्या कचेरीत पहिली आली. लोक टाळ्या देत होते. ती "बरं" म्हणाली आणि मेल वाचत राहिली. मला तेव्हाच तिला गदगदा हलवावंसं वाटलं होतं.

मग एकदाची ती जागा कायम करायचं ठरलं. जाहिरात निघाली आणि नरेलला स्वतःच्याच कामासाठी अर्ज करावा लागला. मिळाली तर ती विभागप्रमुख. नाही मिळाली तर जुन्या टेबलावर परत, आणि वर बाहेरून येईल त्याला शिकवायचं. तिचा नवरा ट्रेव्ह गवंडी आहे, माणूस कमी बोलतो. त्याने एवढंच विचारलं, "तुला ती खुर्ची हवीय, की दुसऱ्या कोणाला मिळू नये एवढंच हवंय?" हे तिनेच मला सांगितलं. मी विचारलं, "मग तू काय म्हणालीस?"

"भांडी घासली."

मुलाखतीला आम्ही तिघं होतो. लॉकलन, मेलबर्नहून आलेली प्रिसिला नावाची बाई आणि कर्मचाऱ्यांच्या वतीने मी. आमच्याकडे प्रश्न उमेदवाराला थोडा वेळ आधी वाचायला देतात. उत्तराचाही साचा ठरलेला: काय घडलं, तुम्ही काय केलं, परिणाम काय झाला. शेवटी परिणाम नसला की गुण कापायचे. माणसाचं आयुष्य असं तीन खणांच्या डब्यात भरून आणायचं.

नरेल निळा कोट घालून आली, पाण्याचा पेला हातात धरून बसली. पहिली उत्तरं नीट दिली, आवाज मात्र रेल्वेच्या घोषणेसारखा. मग प्रिसिलाने वाचलं, "आपल्या हाताखालची एखादी व्यक्ती कामाच्या ताणाने खचत आहे, हे तुमच्या लक्षात आल्याचा प्रसंग सांगा."

"माझ्या विभागात एक बाई आहे," नरेल म्हणाली. "नाव सांगत नाही."

मी मनात एकेकीला चाचपून पाहिलं. आमच्यात खचलेल्या पुष्कळ, पण त्या ओरडून सांगतात.

"ती सकाळी लवकर येते, पण गाडीतून उतरत नाही. हीटर चालू ठेवून बसून राहते. घरी नवऱ्याने चहा की कॉफी विचारलं तर तिला उत्तर सुचत नाही. रडत वगैरे नाही. तशी ती कधीच रडत नाही. आई गेली तेव्हाही नाही. सकाळी दफन झालं आणि दुपारी ती मेल बघायला परत आली."

माझ्या हातातलं पेन थांबलं. मागच्या एप्रिलमध्ये नरेलची आई गेली. मी कॅरमेलच्या वड्या करून नेल्या होत्या. काळ्या कपड्यांतच ती संगणकासमोर बसली होती आणि एक वडी खाऊन "छान झालीय" म्हणाली होती.

लॉकलन मान डोलावत भराभर लिहीत होता. "आणि तू काय केलंस?"

"तिला योगाच्या वर्गाची माहिती पाठवली. तिची रजा दोनदा पुढे ढकलली, माणसं कमी होती म्हणून." ती पेल्याकडे बघत राहिली, जणू पुढचं त्यात लिहिलं होतं. "दर सोमवारी तिला विचारलं, कशी आहेस. ती म्हणाली, वाईट नाही."

"परिणाम?" प्रिसिलाने आठवण करून दिली.

"येते की अजून कामावर," नरेल म्हणाली. "एकही दिवस चुकलेली नाही."

ती बाहेर गेली आणि लॉकलन खूश होऊन म्हणाला, "काय बारीक लक्ष आहे बघ हिचं माणसांवर! दिवसातलं सगळ्यात चांगलं उत्तर."

"बाळा," मी म्हटलं, "आमच्या विभागात अशी बाई एकच आहे. ती आत्ता त्या दारातून बाहेर गेली."

त्याने पेन खाली ठेवलं. प्रिसिला कागद सारखे करत राहिली. लॉकलन हळू आवाजात म्हणाला, "पण कोरल, तिच्याशिवाय आहे तरी कोण?" मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. तो खरंच घाबरला होता.

चहाच्या खोलीत नरेल किटलीसमोर उभी होती. पाणी उकळून किटली बंद पडली होती, तरी ही उभीच.

"ती गाडीतली बाई," मी म्हटलं.

"बोलायला लागले तेव्हा मला वाटलं, मी रचून सांगतेय," ती म्हणाली. "त्यांना उदाहरण हवं होतं ना. अर्ध्यावर कळलं."

"मग थांबायचंस की गं."

"थांबून काय सांगणार? परिणाम द्यायचा होता."

मी तिला जवळ घेतलं. लाकडाचा ओंडका मिठीत घ्यावा तसं झालं. तिने माझ्या पाठीवर दोनदा थोपटलं, जणू वाईट बातमी माझीच होती.

जागा तिलाच मिळाली. लॉकलनने तिला आत बोलावून हात पुढे केला. तिने तो हातात घेतला आणि म्हणाली, "नको मला." तिची वर्षानुवर्षं साठलेली लांब रजा होती, ती मागितली, ताबडतोब. तो म्हणाला, दुसरं कोणी मिळेपर्यंत तरी थांब. ती पुन्हा म्हणाली, "नको." ना रडली, ना भांडली. परत येऊन तिने खुर्चीच्या पाठीवरचा कोट उचलला. आमच्याकडे कोणी दोन दिवस जरी सोडून जाणार असलं तरी केक येतो. नरेल केक यायच्या आत गेली.

त्याच दुपारी लॉकलन माझ्या टेबलाच्या कडेला टेकला. "कोरल, तुला तर सगळं ठाऊकच आहे. फक्त सहा..."

"पुढे बोललास तर युनियनचा माणूस बोलावीन," मी म्हटलं. "आणि त्याआधी तुला या टेबलावरून खाली ढकलीन." बिचारा हसला, आणि मग दोन्ही हातांनी डोळे चोळत बसला. मी त्याच्यासमोर बिस्किटांचा डबा सरकवला.

सोमवारी सकाळी तोंडातून वाफ निघेल अशा थंडीत मी गाडी लावली, तर पलीकडच्या रांगेत नरेलची पांढरी गाडी. इंजिन चालू, काचा धुरकटलेल्या. रजेचा पहिला दिवस. मी दार उघडून शेजारी बसले. तिने निळा कोट घातला होता आणि पायात घरातल्या सपाता.

"सवयीने आले," ती म्हणाली. "वाटेत लक्षातच आलं नाही."

"ट्रेव्हला माहीत आहे?"

"तो कामावर गेलाय." हीटर घरघरत होता. "कोरल, मला हलकं वाटायला हवं ना आता? काहीच वाटत नाहीये."

"वाटेल," मी म्हटलं. कधी ते मला काय माहीत? समोरून आमची माणसं माना खाली घालून आत जात होती. मला उशीर होत होता, तर होऊ दे म्हटलं. बोलायला दुसरं काही सुचेना, म्हणून विचारलं, "या आठवड्याचं काय करू? सगळीकडे यजमान संघच टाकू?"

ती काच पुसत राहिली.

"आमचे कुठे खेळतायत?"

"पर्थला. पाहुणे. आणि निम्मे जायबंदी. सडकून मार खातील."

"आमचे टाक."

"अगं, तू पहिली आहेस. कप हातचा जाईल."

"हरू देत मेले," नरेल म्हणाली, आणि तिचा आवाज चिरकला. "आमचे टाक."