हौसेरावांच्या फियाटचे ब्रेक

आमच्या खारघरच्या सोसायटीत बातमी फिरली, की वेणूबाईंनी नवऱ्याला घराबाहेर काढलंय आणि हौसेराव बेसमेंटमध्ये गाडीखाली झोपतात. बातमी अर्धीच खरी. गाडीखाली ते आडवे होते, पण चांगले टक्क जागे. आणि डोक्याखालची उशी वेणूबाईंनीच दिली होती.

गाडी म्हणजे चौसष्ट सालची फियाट. साताऱ्याकडून आलेल्या हौसेरावांनी कळंबोलीत पस्तीस वर्षं ट्रकचे ब्रेक दुरुस्त केले आणि निवृत्त झाल्यावर हे म्हातारं लेकरू दत्तक घेतलं. लेकरानं मागच्या महिन्यात रॅम्पवरून उतरताना डावीकडे ओढ घेतली आणि वॉचमनची खुर्ची मोडली. वॉचमन नशिबानं चहाला गेला होता. सेक्रेटरी आशुतोषनं नोटीस लावली: रविवारी दहा वाजता गाडी रॅम्पखालच्या पांढऱ्या पट्ट्यावर थांबवून दाखवा, नाहीतर सोसायटीबाहेर न्या. बाहेर म्हणजे थेट भंगारात, हे हौसेरावांना न सांगताही कळलं.

त्यांनी चारी चाकांचे ब्रेक कसून आवळले. एक चक्कर मारून आले तर चाकांतले ब्रेकचे ड्रम तापलेले आणि जळका वास.

वेणूबाई म्हणाल्या, "एवढं आवळलंय कशाला? वीस टन लोखंड भरून घाट उतरायचा हाय का?"

हौसेरावांचा हात सवयीनं ट्रकचाच चालला होता. बायकोचं बरोबर होतं, हे त्यांनी अजूनही कबूल केलेलं नाही. शनिवारी मुकाट्यानं पुन्हा जॅक लावला. चाक हातानं फिरवायचं, ते अडेपर्यंत मागचा नट आवळायचा, मग किंचित सैल सोडायचा. आत ब्रेकचा लायनर ड्रमला जेमतेम घासल्याचा बारीक आवाज यायला हवा, आणि चारी चाकांचा सारखाच. तिसरं चाक हट्टी निघालं. सात वेळा सोडलं, सात वेळा आवळलं. जेवायचं ताट दोनदा गरम झालं.

रविवारी निम्मी सोसायटी मोबाइल घेऊन खाली उतरली. इतकी गर्दी वार्षिक सभेलाही होत नाही. आशुतोष पट्ट्याच्या पलीकडे हाताची घडी घालून उभा. फियाट नाकासमोर उतरली, कुठेही न ओढता, आणि पट्ट्याच्या हातभर अलीकडे थांबली.

"काका, पट्ट्यावर कुठे आली?" आशुतोष म्हणाला. "अलीकडेच थांबली की."

हौसेरावांनी मान बाहेर काढली.

"पलीकडं तुमी हुबं हुता म्हणून. नायतर पट्ट्यावरच लावली असती."