एकवीस मासे आणि एक पायरी

आमच्या सोसायटीतल्या तळ्याची खोली फोटोग्राफरने ठरवली. काँट्रॅक्टर कडेपासूनच कंबरभर खणायला निघाला होता. पण उद्घाटनाला पाच पाहुणे येणार होते, पाचांनी मिळून मासे सोडायचे होते, आणि पाचही जण एका फ्रेममध्ये हवे असतील तर त्यांना पाण्यातच उभं राहायला जागा लागेल, असं फोटोग्राफर म्हणाला. म्हणून तळ्याच्या पुढच्या बाजूला ऐसपैस पायरी बांधली गेली. तिच्यावर जेमतेम घोट्याएवढं पाणी. समारंभाच्या दिवशी पाचही जण पँटी दुमडून त्या पायरीवर उभे राहिले आणि माशांची एक पिशवी दहा हातांनी धरून कॅमेऱ्याकडे बघत राहिले. मासे कधी सुटले ते त्यांच्यापैकी कुणी पाहिलं नाही. त्यांच्या मागे काळ्या ग्रॅनाइटची कोनशिला होती, तिच्यावर ‘जलसौंदर्य प्रकल्प’ असं कोरलेलं. तळं म्हणाल तर दोन मोटारी उभ्या राहतील एवढं.

आमची इमारत बदलापूरला मांजर्लीत, नदीपासून चालत दहा मिनिटांवर. ज्या नदीने आमच्या पार्किंगमधल्या स्कूटर एकदा छपराला लावल्या, तिच्या शेजारी राहून पुन्हा दारात पाणी साठवायची हौस कुणाला होईल असं मला वाटलं नव्हतं. पण चेअरमन नुकतेच नोकरीतून निवृत्त झाले होते, आणि फीत कापण्यासारखं काहीतरी त्यांना हवं होतं. मी सेक्रेटरी. अंबरनाथच्या एका कारखान्यात क्वालिटी खात्यात माझी सगळी हयात गेली, म्हणजे माल का नाकारला याची पत्रं लिहिण्यात गेली. ‘तुमचं मराठी चांगलं आहे’ एवढ्या एका कारणावर सभेने मला निवडून दिलं.

उद्घाटनाआधी मासे आणायला चेअरमन आणि मी उल्हासनगरला गेलो होतो, कॅम्प एकमध्ये. कोई नावाच्या शोभेच्या माशांची पिल्लं, बोटाएवढी, काही केशरी, काही पांढऱ्यावर केशरी ठिपक्यांची. चेअरमननी एकवीस मागितले, कारण एकवीस शुभ. दुकानदाराने पिशवीत बाविसावा टाकला होता तो त्यांनी परत काढायला लावला.

“साईं, ऊपर जाली लगाओगे ना?” दुकानदाराने विचारलं.

“जाळी लावली तर फोटोत काय दिसणार?” चेअरमन म्हणाले. “आमच्याकडे चोवीस तास सिक्युरिटी आहे.”

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मान हलवणं हा माझ्या पदाचा मोठा भाग आहे. त्याच्या बोलण्यावर मी रिक्षात बसेपर्यंत विचार केला आणि मग विसरलो.

चोवीस तासांपैकी रात्रीचे बारा तास ज्यांचे होते त्यांना सगळे मामा म्हणत. वय साठीला आलेलं, नदीपलीकडच्या गावातले. रात्री आमच्या गेटवर, सकाळी सुटले की पूल ओलांडून घरी, दोन तास झोप, मग भाताचं शेत. इमारतीला रंग लागायच्या आधीपासून ते गेटवर होते. सिक्युरिटी एजन्सीने दुसरीकडे टाकलं तर शेत सुटेल, असं ते मला एकदा सहज म्हणाले होते. चालत जाता येईल असं दुसरं गेट त्यांना नव्हतं.

उद्घाटनानंतर दहाएक दिवसांनी चेअरमननी सोसायटीच्या ग्रुपवर एक फोटो टाकला. पायरीवर एक मातकट रंगाचा पक्षी मान आखडून बसला होता, पेन्शनच्या रांगेत बसतात तसा. खाली ओळ होती: ‘आपल्या प्रकल्पाला नदीकाठच्या दुर्मिळ पाहुण्याची पसंती.’ टाळ्यांची चित्रं पडली. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी लिहिलं, ‘चोच बघा किती गोड केशरी आहे!’ फोटो ग्रुपचा डीपी झाला, आणि मला बोर्ड करून आणायला सांगण्यात आलं. मी आणला. ‘पक्ष्यांना त्रास देऊ नये.’ जोडाक्षरं नीट आली याचं मला समाधान वाटलं. बोर्ड तळ्याच्या कडेला ठोकला गेला.

त्यानंतर मासे कमी व्हायला लागले. एका रविवारी पंधरा मोजले गेले, पुढच्या रविवारी अकरा. आधी संशय मांजरावर आला. पण आमच्या आवारातलं मांजर कसं, तर पावसाचा थेंब पडला तरी जिन्याखाली पळणारं. ते बिचारं आपोआप निर्दोष सुटलं. मग कुणीतरी म्हणालं, कॅमेरा बघू.

कॅमेरा तळ्यासाठी म्हणूनच बसवला होता, पण त्याचं तोंड कोनशिलेकडे होतं. कोनशिलेचं एकेक अक्षर त्यात वाचता येई. पाण्याचा फक्त एक कोपरा दिसे, आणि त्या कोपऱ्यात, रोज पहाटे, मामा. हातात बादली. वाकायचे, बादली भरायचे, जायचे. एकदा नाही, सलग आठवडाभर.

“बादलीत काय नेतो?” चेअरमन म्हणाले. “तुम्हीच सांगा.”

कमिटीच्या पाच जणांत कुणीच मामांना विचारलं नाही. विचारलं तर तो सावध होईल, असं ठरलं. मासे नऊ उरले तेव्हा एजन्सीला पत्र लिहायचं ठरलं, रविवारच्या सभेत ते वाचून मंजूर करायचं, आणि लिहायचं अर्थात मी.

मी शनिवारी दुपारी ते लिहिलं. चांगलं झालं होतं, ही त्यातली वाईट गोष्ट. ‘चोरी’ हा शब्द कुठेही नव्हता. ‘उपलब्ध चित्रीकरण पाहता संशयास जागा राहते’ असं होतं, आणि ‘उभयपक्षी सौहार्द राखण्याच्या दृष्टीने’ बदली करावी असं होतं. तीस वर्षं बेअरिंगला आणि बुशला मी हेच लिहीत आलो होतो.

बायकोला वाचून दाखवलं. ती मेथी निवडत होती.

“अहो, इतकं छान लिहिलंय की तो माणूस वाचून आभार मानेल,” ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, “त्यांनी घेतले असतील असं तुम्हाला वाटतं?”

“चित्रीकरण आहे.”

“मी ते विचारलं नाही.”

मला काय वाटतं हे मी स्वतःलाही विचारलेलं नव्हतं. अशी पत्रं त्याशिवायच चांगली होतात.

रविवारी सकाळी साडेसहाला मी खाली उतरलो. सभा अकराला होती. मामांची ड्यूटी सातला संपते, तेव्हा सभेआधी त्यांच्याशी निदान दोन शब्द बोलावेत असा विचार होता. गेटवर ते नव्हते. पाण्याचा पंप सुरू करायला मागे गेले होते. मी तळ्यासमोरच्या बाकावर बसलो आणि बोलायचं वाक्य मनात जुळवायला लागलो. ते काही जुळेना.

पायरीवर कुणीतरी बसलं आहे हे मला बऱ्याच वेळाने कळलं. फरशीचा रंग आणि त्याचा रंग एकच. डीपीवरचा पाहुणा. मान खांद्यांत घातलेली, एक पाऊल पाण्यात, ध्यान लावल्यासारखा. मी हाललो नाही, तोही हालला नाही. मग त्याची मान एकदम हातभर लांब झाली आणि परत आली, आणि चोचीत एक केशरी शेपूट वळवळत होती. त्याने डोकं मागे टाकलं, दोन आवंढे गिळले, पुन्हा खांदे पाडून बसला. मी उठलो तसा तो उडाला. मातकट पक्ष्याचे पंख आतून पांढरेशुभ्र निघाले. नदीच्या दिशेने गेला.

पत्र माझ्या खिशात होतं.

मामा पंपाकडून येत होते. हातात बादली.

“मामा, हा पक्षी…”

“ढोकरी हाय ती, सायेब,” ते म्हणाले. “रोज येते. ही पायरी तिच्यासाठीच बांदलेली हाय जशी. शेतात उभी ऱ्हाते ना बांदावर, तशी.”

“मग हाकलत का नाही?”

त्यांनी बोर्डाकडे हनुवटीने खूण केली. माझा बोर्ड. “पैले हाकलायचो. मंग तुमी ह्यो लावला. चेअरमन सायबांना बोल्लो मी, ही मासं खाते. ते बोल्ले, पाहुना हाय, ऱ्हाऊ दे.”

“आणि ही बादली?”

“कुंड्यांना. माशाच्या पान्याला जोर असतो. तुमच्या बायकोचा मोगरा बगा कसा झालाय.” त्यांनी बादली खाली ठेवली. “मी मासं नेतो म्हनतात ना?”

“तुम्हाला कळलं?”

“सगल्या इमारतीला कललंय. मला कोनी इचारला नाय, म्हनून मी बोल्लो नाय.”

मी परत बाकावर बसलो. घरी जाऊन चहा घेण्याइतकं धैर्य नव्हतं, कारण वर मेथी निवडणारी व्यक्ती होती. शिवाय एक अडचण होती. मी पाहिलं, पण दाखवणार काय? कॅमेरा कोनशिला दाखवणार. सेक्रेटरीने आयत्या वेळी पक्ष्यावर आळ घेतला तर सभा हसेल आणि पत्र मंजूर करेल. मी फोन काढला आणि डीपी उघडला. दोन बोटांनी मोठा केला.

सभा पार्किंगमध्ये, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर. चेअरमन उभे राहिले. विश्वास हा सहजीवनाचा पाया असतो, इथून त्यांनी सुरुवात केली आणि बराच वेळ पाया घालत राहिले. मामा ड्यूटी संपूनही थांबले होते, खांबाला टेकून, लांब. घरी गेले असते तर पळाले म्हटलं गेलं असतं.

“आता सेक्रेटरी पत्र वाचतील.”

“त्याआधी एक विनंती,” मी म्हणालो. “सगळ्यांनी आपापला फोन काढून ग्रुपचा डीपी उघडा. आणि चोच मोठी करून बघा.”

“सभेच्या विषयपत्रिकेवर हे नाही,” चेअरमन म्हणाले.

पण फोन काढा म्हटल्यावर न काढणारा माणूस आमच्या इमारतीत नाही. थोडा वेळ सगळी डोकी खाली होती. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी पहिल्यांदा बोलल्या.

“अय्या, हे केशरी म्हणजे चोच नाहीये. ह्याला शेपटी आहे.”

“आणि डोळा,” मागून कुणीतरी म्हणालं. “बघ ना, शेपटी एका बाजूला, डोळा दुसऱ्या.”

“म्हणजे चोर आपण डीपीला लावलाय?”

“आणि टाळ्या पण वाजवल्यात.”

हशा झाला. मी सकाळी पाहिलेलं सांगितलं, बादलीचं सांगितलं. बोर्डाचं सांगताना तो मीच करून आणला हेही सांगितलं, कारण वगळलं असतं तर बायको दुसऱ्या रांगेत बसली होती.

चेअरमन चष्मा लावून फोटो बघत होते. त्यांचाच फोटो. मला वाटलं आता ते चिडतील. पण त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, “मी फोटो काढला म्हणून हे उघडकीला आलं, हे लक्षात घ्या.”

कुणी वाद घातला नाही. माणूस वाचला होता, श्रेय कुणीही घेवो.

“मामा,” चेअरमननी खांबाकडे बघून हाक मारली, आणि मग त्यांना पुढचं वाक्य सापडेना. भाषणाशिवाय बोलायची त्यांना सवय नव्हती. शेवटी ते म्हणाले, “आता काय करायचं, तुम्ही सांगा.”

आमच्या सोसायटीत हा प्रश्न मामांना पहिल्यांदाच विचारला गेला असावा. ते खांब सोडून पुढे आले.

“पायरीवर कुंड्या ठेवा. गच्च. पाय ठेवायला जागा नाय भेटली का ती उतरत नाय. खोल पान्यात तिला उभा ऱ्हाता येत नाय. आनि वरून तंगूस बांदू, आमी भाताच्या रोपावर बांदतो तसा. दिसत नाय, पन पंख लागला का घाबरते.”

तंगूस म्हणजे मासे पकडायच्या गळाला असतो तो नायलॉनचा दोरा. जाळीसारखा फोटोत दिसत नाही, हे कळल्यावर चेअरमननीही हात वर केला. ठराव एकमताने मंजूर.

मामांनी दुसऱ्याच दिवशी काम उरकलं. तळ्यावर आडवा-उभा दोरा ताणला, आणि पायरीवर करदळीच्या कुंड्या एकीला एक चिकटवून पाण्यात बसवल्या. करदळ भराभर वाढते. महिन्याभरात कोनशिला तिच्या पानांमागे गेली आणि कॅमेऱ्यात आता फक्त करदळ दिसते. याबद्दल अजून कुणी तक्रार केलेली नाही. बोर्ड मी स्वतः उपटला.

इतिवृत्त लिहिताना चेअरमन म्हणाले, ‘विषय चार : चर्चा झाली’ एवढंच पुरे. मी लिहिलं, ‘पहारेकरी मामांवर कमिटीने न विचारता संशय घेतला, तो चुकीचा होता, कमिटी दिलगीर आहे.’ त्यांनी वाचलं, बराच वेळ पेन धरून बसले, आणि सही केली. त्यांच्याबद्दल माझं मत त्या दिवशी थोडं बदललं. माझ्याबद्दलचं माझं मत बदलायला जास्त दिवस लागले.

ढोकरी दोनतीन सकाळी आली. कंपाउंडच्या भिंतीवर बसून कुंड्यांकडे बघत राहिली. मग नदीवर गेली, जिथे तिला कुणी पाहुणा म्हणत नाही आणि पोट मात्र भरतं.

त्या रविवारी एक मासा माझ्या डोळ्यांसमोर गेला होता, म्हणजे आठ उरले असं मी धरून चाललो होतो. रोज सकाळी खाली उतरलो की मामा गेटवरूनच आकडा सांगत, “आठ हायेत, सायेब.” नमस्काराच्या जागी आमचं हेच चाले. एकदा गेलो तर ते तळ्याशी वाकून मोजत होते, मग सरळ झाले.

“नऊ,” ते म्हणाले.

मी मोजले. नऊ होते. एक छोटा, अर्धवट वाढलेला, पंपाच्या खोक्यामागच्या फटीत इतके दिवस लपून बसलेला, आता बाकीच्यांच्या मागे मागे फिरत होता.

“एक जास्ती निगाला,” मामा म्हणाले. बादली उचलून ते कुंड्यांकडे निघाले. “एजन्सीला कलवा, सायेब. ह्याचा पन पत्र लिवा.”